सुरईतला पण

सांगा बघू, ऐकणाऱ्यांनो: तुमच्या जिभेवरचा एकच लहानसा शब्द कुणी चोरून नेला, तर तुमच्या घरात काय बिघडेल? चूल पेटायची थांबेल? विहीर आटेल? काहीच बिघडणार नाही म्हणता? थांबा, घाई नको. आधी कथा ऐका, मग सांगा.

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. त्याचा राजवाडा नदीला इतका लागून, की खिडकीतून हात खाली सोडला तर बोटं भिजावीत. राजा मनानं चांगला, हाताचा सढळ. अभिमान त्याला एकाच गोष्टीचा, मला कुणी फसवू शकत नाही याचा.

राजाची थोरली बहीण वसुमती त्याच वाड्यात राहायची. राणी लवकर गेली, तेव्हा राजकन्या केतकीला वसुमतीनंच वाढवलं. तिची वेणी घातली, तिला घोड्यावर बसवलं, परक्या वडीलधाऱ्या माणसाशी अदबीनं कसं बोलायचं याचं वळण लावलं.

वसुमतीला एक खोड होती. तिच्या बोलण्यात 'पण' यायचाच. "नदीवर जा, पण पायरीवरच बस." "लाडू घे, पण आधी हात धू." "माझा भाऊ शूर आहे हो, पण ऐकत नाही." लहानगी केतकी एकदा वैतागून म्हणाली, "तू नुसती आत्या नाहीस. तू पणआत्या आहेस!" सगळा वाडा हसला आणि तेच नाव पडलं. केतकी मोठी झाली, लग्नाच्या वयाची झाली, पण आत्याला हाक मारायची ती त्याच नावानं.

एके दिवशी दरबारात एक सौदागर आला. निळा झगा, गोड आवाज, हातात मातीची सुरई, सुरईच्या तोंडाला रेशमी फडकं. तो जादूगार होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"काय विकायला आणलंस?" राजानं विचारलं.

"विकायला काही नाही, महाराज. ही सुरई पलीकडच्या महाराजांनी राखून ठेवली आहे. मी घटकाभर सावलीला थांबलो."

"आत काय आहे?"

"ज्यांच्यासाठी आहे, त्यांनाच सांगायचं असतं, महाराज."

राजा सिंहासनावर पुढे सरकला. नाकावर माशी बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पडद्याआडून वसुमती म्हणाली, "भद्रा, घे हवी तर, पण आधी उघडून बघ."

"अक्का, तू थांब," राजा म्हणाला. "सौदागरा, ती सुरई मला हवी. मागशील ते देईन. हा माझा पण!"

सौदागर वाकला. "मग महाराज, तो पणच मला द्यावा."

राजाला वाटलं, हा शर्तीबद्दल बोलतोय. तो हसून म्हणाला, "दिला! घे माझा पण!"

आता बघा, शब्द एकच, पण अर्थ दोन. एक पण शर्तीचा, एक पण हरकतीचा. राजानं दिला तो पहिला, जादूगारानं उचलला तो दुसरा. कानाला दोन्ही सारखेच.

त्यानं फडकं सोडलं. सुरईत नदीचं पाणी होतं. त्याच नदीचं, खिडकीखालचंच. ते त्यानं फरशीवर ओतून टाकलं आणि रिकाम्या सुरईचं तोंड सभेकडे वळवलं. प्रत्येकाच्या ओठांतून पिसाएवढं काहीतरी निघालं आणि सुरईत गेलं. जादूगारानं लाखेनं तोंड बंद केलं, मुजरा केला आणि सुरई घेऊनच तो निघून गेला.

त्या घटकेपासून त्या राज्यात कुणाला तो शब्द म्हणता येईना. परंतु, मात्र हे त्याचे भाऊबंदही त्याच्यामागे गेले. जिभेवर त्याच्या जागी पडलेल्या दातासारखी फट उरली. शब्दांच्या पोटात जिथे जिथे तो दडला होता, तिथूनही जादूगारानं तो वेचून नेला. शहाणपणातून तो गेला, नुसतं शहाणं उरलं. पणतीला लोक दिवा म्हणू लागले.

सुरुवातीला लोकांना बरंच वाटलं. घरोघरची भांडणं थांबली. प्रधानजी राजाला म्हणायचे, "कल्पना उत्तम आहे महाराज," आणि पुढे नुसता घसा खाकरायचे. राजा खूश. केतकीनं आत्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर अर्धंच नाव निघालं. "आत्या," ती म्हणाली आणि गोंधळून थांबली. वसुमती त्या दिवशी जेवली नाही.

मग आल्या साळुंक्या. जादूगाराच्या शिकवलेल्या, बोलक्या. छपराछपरावर बसून त्या दिवसभर ओरडू लागल्या. "तेजोमणी! तेजोमणी! सगळ्यांनी घेतला!" "आजच आहे, उद्या नाही!" "राजवैद्यांच्या गळ्यात बघा!" "खास तुझ्यासाठी!"

चौकात जादूगारानं दुकान मांडलं. आवळ्याएवढे मणी, आत निळं तेज. किंमत म्हणून तो मोहरा मागत नसे. एका मण्याला एक नाव, एवढंच. मनातलं एक नाव मण्यात सांगायचं आणि मणी गळ्यात घालायचा. नाव गेलं की ते माणूस परकं व्हायचं. मणी चार दिवस चमकायचा, मग मळायचा, मग दुसरा घ्यावासा वाटायचा.

केतकीनं पहिल्या मण्याला घोडीचं नाव दिलं. घोडी दारात खिंकाळत राहिली, ही ओळख न दाखवता पुढे गेली. दुसऱ्याला दाईचं नाव दिलं. मग एकेका मैत्रिणीचं.

वसुमतीनं तिला जवळ बसवलं. "बाळ, मणी सुंदर दिसतो..." ती म्हणाली, आणि पुढची फट आली. ओठ हलले, शब्द नाही.

"बघ, तुलाही आवडला!" केतकी आनंदानं म्हणाली.

खिडकीतल्या साळुंकीनं ते ऐकलं. दुपारपर्यंत सगळ्या छपरांवरून एकच आरोळी सुरू झाली, "राजाची बहीण म्हणते, मणी सुंदर दिसतो! राजाची बहीण म्हणते!"

अर्ध्या वाक्यानं माणूस केवढं खोटं ठरतं, ते वसुमतीला त्या दिवशी कळलं.

काही दिवसांनी साळुंक्यांनी नवी आरोळी धरली. महामणी येणार! तो कधी मळत नाही. दिवेलागणीला चौकात मिळेल. किंमत, स्वतःचं नाव.

"केतकी," वसुमती सकाळीच म्हणाली, "स्वतःचं नाव दिल्यावर मणी घालणार कोण?"

"सगळे घेणार आहेत, आत्या."

"सगळे विहिरीत उतरले तर?"

"तू नेहमी असंच बोलतेस," केतकी म्हणाली आणि आरशाकडे वळली.

वसुमती परसात येऊन बसली. तिथे तुळशीच्या कट्ट्याखाली एक साळुंकी पडली होती. चोच उघडी, पंख पसरलेले. वसुमतीनं तिला उचललं, ज्येष्ठमधाचं पाणी थेंबथेंब पाजलं. थोड्या वेळानं साळुंकी घोगऱ्या आवाजात बोलली, "बरं वाटलं, बाई. दिवसभर तेच ते वाक्य. कंठ फाटला. घसा बसला म्हणून मालकानं हाकलली."

"इतक्यांदा कशाला ओरडता गं?"

"पहिल्यांदा ऐकलं की माणूस हसतं. पुन्हा ऐकलं की कंटाळतं. आणखी ऐकत राहिलं की त्याला वाटतं, हे मलाच सुचलं."

वसुमतीनं तिला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या मालकाचं बळ कशात आहे?"

"सुरईत. ती बोलक्या डोंगरावर आहे. तीन दारं, तीन राखणदार. सुरई फुटत नाही, फोडताही येत नाही. आत जो शब्द आहे, तोच तिच्यासमोर कुणी उच्चारला तर ती उघडेल. तो शब्द कुणाच्याच जिभेवर नाही, म्हणून मालक निर्धास्त."

वसुमतीनं दशम्या आणि लोणचं फडक्यात बांधलं, पदर खोचला आणि ती निघाली. वय झालं होतं. गुडघे कुरकुरत होते. थांबून चालणार नव्हतं, दिवेलागण तिची वाट बघणार नव्हती.

डोंगराच्या पहिल्या दारावर पारव्यांचा मोठा थवा बसला होता. तिला बघताच पारवे एका सुरात घुमू लागले.

"सगळे परत गेले! सगळ्यांनी मणी घेतला! सगळे सुखी झाले! तूच एक राहिलीस!"

सगळं जग एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या, हे काही सोपं नसतं. तिनं नेहमीचा शब्द शोधला, तिथे फट. मग तिनं फटीला वळसा घातला.

"सगळे म्हणजे कोण रे? एकाचं नाव सांगा."

पारव्यानं शेजाऱ्याकडे बघितलं. "मला ह्यानं सांगितलं."

"मला त्यानं."

"मला पलीकडच्यानं."

प्रश्न थव्यातून फिरत फिरत पुन्हा पहिल्यापाशी आला. त्यानं मान वाकडी केली. "म्हणजे... मीच की काय?"

थवा दारावरून उडाला. दार उघडलं.

दुसऱ्या दारापुढे एक टिटवी तुरुतुरु पळत होती. शेजारी पाण्यात घटिकापात्र तरंगत होतं, तळाच्या भोकातून हळूहळू भरत होतं.

"आत्ता! आत्ता!" टिटवी किंचाळली. "ही शेवटची घटका! पात्र बुडायच्या आत मागे फिर, नाहीतर भाची गेली, वाडा गेला, खाली जायची वाट गेली! विचार करू नको! आत्ता!"

वसुमतीचे पाय खरोखरच मागे वळले. मग तिला वाटलं, इतकी घाई कशाची? विचार करू नको असं जो सांगतो, त्याच्यापाशी तर विचार करायलाच हवा. ती एका दगडावर टेकली आणि तिनं फडकं सोडलं.

"अगं बाई, घटका भरतेय!"

"भरू दे. मी जेवून घेते."

पात्र बुडबुड करत बुडालं. वाडा खाली होता तिथेच होता. वाटही होती. टिटवीनं इकडेतिकडे बघितलं, हळूच चोचीनं पात्र वर काढलं, पाणी सांडलं आणि पुन्हा तरंगत ठेवलं.

"आत्ता! ही शेवटची घटका!"

"मघाची कितवी होती गं?"

टिटवी ओशाळली. "शेवटचीच. रोज शेवटचीच असते, बाई."

"दमत असशील. घे, दशमी खा," वसुमती म्हणाली. दार उघडलं.

तिसऱ्या दाराआत गार, सुगंधी दालन होतं. मधोमध चौरंगावर सुरई आणि समोर पिसारा फुलवलेला मोर. शेजारी मखमलीचं आसन. मोरानं मान झुकवली.

"यावं, वसुमतीदेवी. आपण थोर. आपण सुज्ञ. पारवे, टिटव्या इतरांसाठी. आपण का इतरांसारख्या आहात? आपण चालून दमलात. आपण या आसनावर बसावं, आपल्या योग्यतेचं आहे."

ऐकणाऱ्यांनो, खरं सांगते, वसुमतीला छान वाटलं. कितीतरी दिवसांत तिला कुणी चार बरे शब्द बोललं नव्हतं. ती आसनाकडे एक पाऊल सरकलीही. मग तिनं विचारलं, "मोरा, एवढं गोड बोललास. आता सांग, तुला माझ्याकडून हवं काय?"

मोराचा पिसारा जरासा मिटला. "काही नाही... आपण इथे बसून राहावं. दिवेलागण होईपर्यंत. एवढंच."

"एवढंच?" वसुमती म्हणाली आणि मध्येच थबकली. तिच्या कानात काहीतरी टोचलं होतं. "मोरा, आत्ता मला काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"आपण."

"हळू म्हण."

"आ... पण."

वसुमतीच्या अंगावर काटा आला. शहाणपणातून वेचला, पणतीतून वेचला, आणि एवढा एक राहिला! राहिला कसला, ठेवलाच होता. खुशामत करायला तो लागतो ना! गोड बोलण्याच्या लोभानं जादूगारानं त्या एका शब्दाला हात लावला नव्हता. आणि लोकांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण गळ्यात मणी पडल्यापासून जो तो 'मी' आणि 'माझं' एवढंच म्हणत होता.

ती सुरईसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आपण!"

सुरई नुसती घुमली. लाखेला तडा गेला नाही.

मोर हसला. "एकटीनं 'आपण' म्हणून काय होणार, देवी? त्याला दुसरं माणूस लागतं."

"खरं बोललास," वसुमती म्हणाली. "तुझे उपकार झाले." तिनं सुरई उचलून कडेवर घेतली आणि ती डोंगर उतरू लागली.

ती चौकात पोचली तेव्हा ऊन कलंडलं होतं. सगळं गाव जमलं होतं. राजा डोकं धरून पायरीवर बसला होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. उंच मंचावर निळ्या झग्यातला जादूगार, हातात नारळाएवढा महामणी.

"राजवैद्य सांगतात, घ्या!" तो म्हणाला. राजवैद्य नुसतेच मान हलवत होते. त्यांना औषधांची नावंही आठवत नव्हती. "राजाची बहीण सांगते, सुंदर आहे! आता पहिला मान राजकन्येचा!"

केतकी पायऱ्या चढत होती. वसुमती गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाळ, थांब."

केतकीनं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काहीच नव्हतं. महामणी घेण्याआधी मन रिकामं करायचं म्हणून तिनं त्या दुपारीच आणखी एका मण्याला एक नाव दिलं होतं. वसुमती.

आत्यानं सुरई घट्ट धरली. डोंगर चढताना आली नव्हती एवढी दमणूक आता आली. सांगायचं होतं, मी तुला वाढवलं. सांगायचं होतं, तुझा पहिला दात मी छपरावर टाकला. केतकीनं त्यातलं काहीही ओळखलं नसतं.

केतकीला ही धुळीनं माखलेली म्हातारी कोण, कळेना. नाव विसरता येतं हो, वळण जात नाही. समोर परकं, वडीलधारं माणूस उभं होतं. राजकन्येचे हात आपोआप जुळले, मान झुकली, आणि लहान असताना शिकवलं होतं तसंच तिनं अदबीनं विचारलं,

"आपण कोण?"

सुरई वसुमतीच्या कडेवर थरारली.

वसुमतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती हसली. तिनं भाचीचा हात धरून सुरईवर ठेवला.

"आपण?" ती म्हणाली. "आपण म्हणजे तू आणि मी."

लाख तडकली. सुरईच्या तोंडातून पिसांसारखे शब्द भरारा उडाले आणि जो तो ज्याच्या त्याच्या जिभेवर जाऊन बसला. सगळ्यात आधी तो केतकीच्या जिभेवर बसला. तिनं महामण्याकडे बघितलं.

"सुंदर आहे," ती सावकाश म्हणाली, "पण... काचेचा आहे."

मग चौकात जो गलबला उठला, तो काय सांगू! इतक्या दिवसांची अडलेली वाक्यं एकदम पुरी होऊ लागली. "मणी घे, पण माझं नाव का दिलंस?" "सगळे घेतात, पण मला कशाला?" प्रधानजी धावत राजापाशी आले आणि म्हणाले, "महाराज, सुरई घ्या, पण आत नदीचंच पाणी आहे!"

"आता सांगताय?" राजा म्हणाला.

"महाराज, तेव्हापासून घशात अडकलं होतं!"

जादूगारानं हात उंचावले. "ऐका! हा महामणी कधी मळत नाही, पण..." तो दचकला. सुटलेला शब्द त्याच्याही जिभेवर बसला होता. "म्हणजे चमकतो, पण चारच दिवस. सगळ्यांनी घेतला, पण कुणीच सुखी नाही." त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. प्रत्येक 'पण'सरशी त्याच्या झग्याचा निळा रंग उतरत गेला, आणि शेवटी पांढऱ्या सुती अंगरख्यातला एक घाबरलेला माणूस तेवढा उरला.

गळ्यागळ्यांतले मणी बुडबुड्यांसारखे फुटले. फुटताना प्रत्येक मणी आपल्यातलं नाव म्हणाला. चौकभर नावं घुमली. दाई रडत पुढे आली. घोडी खिंकाळली. केतकीच्या गळ्याशी सगळ्यात शेवटी एक मणी फुटला आणि म्हणाला, "वसुमती."

केतकी आत्याच्या गळ्यात पडली.

राजानं तलवारीला हात घातला. "याला काय शिक्षा करू, अक्का?"

"त्याचं डोकं घेऊन काय करशील?" वसुमती म्हणाली. "बोलतो छान. बोलू दे, विकू दे. पण यापुढे अर्धं सांगून भागणार नाही."

त्या दिवसापासून त्या राज्यात नवी चाल पडली. विकणाऱ्यानं मालाचा गुण सांगायचा आणि मागोमाग एक पण सांगायचा. आंबेवाली म्हणते, "साखरेसारखे आहेत, पण आज-उद्यात संपवा." विणकर म्हणतो, "रंग पक्का आहे, पण पहिल्या धुण्यात थोडा जाईल." तो जादूगार नदीकाठी सुरया विकतो. "पाणी गार ठेवते," तो म्हणतो, "पण काठाला जपा, नाजूक आहे." आणि त्याच्या सुरया खरोखरच चांगल्या असतात. साळुंक्यांना आता शिकवायला कुणी नाही. त्या मनाला येईल ते बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुमतीनं न्याहारीला थालीपीठ लावलं. केतकीनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "छान झालंय पणआत्या, पण मीठ कमी आहे."